गुन्ह्याची जागा

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या कापड गिरण्यांचे सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, विरत गेला. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत लालबाग, परळ, करी रोड, भायखळा या पट्ट्यात टोळ्यांनी कसं मूळ धरलं, ते मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकात गिरणी कामगाराच्या घरातला एक मुलगा भाईगिरीच्या वाटेला लागतो. तशी घरं तेव्हा गिरणगावात खरोखर होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनी विकायला वाट करून दिली आणि टोळ्यांना त्या व्यवहारांत रोजगार मिळाला. १९९४ मध्ये खटाव मिलचे सुनीत खटाव आणि १९९७ मध्ये संपाचे नेते दत्ता सामंत यांचे भर रस्त्यात खून झाले.

गुन्हेगारीच्या अभ्यासकाला या इतिहासात एक दुर्मिळ गोष्ट सापडते. इमारती बदलल्या नव्हत्या. दहा बाय बाराच्या खोल्या, मजल्याच्या टोकाला सामायिक संडास, पाण्यासाठी पहाटेची रांग, हे सगळं संपाआधीही होतं आणि नंतरही. दाटी तीच, माणसंही बरीचशी तीच. आधीचं गिरणगाव सोवळं होतं असं नाही. हातभट्टी होती, दादा होते, आणि मटक्याचा तर जन्मच कापसाच्या भावावरच्या सट्ट्यातून झाला. तरीही तरण्या पोरांसाठी बदली कामगाराचा पास ही हमखास वाट होती. ती बंद झाली, आणि तिच्याबरोबर व्यायामशाळा, गावकीच्या खोल्या, खानावळी, युनियनच्या गेटसभा यांचं जाळंही सैल पडलं. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून जमा केलेल्या इतिहासात हे जाळं आणि त्याचं विरणं दोन्ही तपशिलाने आलं आहे.

परिसर माणसाला गुन्हेगार करतो का, या प्रश्नावर जवळजवळ दोनशे वर्षं अभ्यास चालू आहे. तो चाळल्यावर माझं मत असं बनलं आहे: परिणाम खरा आहे आणि मोजताही येतो. पण भिंती, अंधार, गरिबी या गोष्टी सरळ माणसाच्या डोक्यात शिरून त्याला चोर बनवत नाहीत. त्या ठिकाणी राहणाऱ्यांचं एकमेकांशी काय नातं आहे, त्यांच्या हाताला काम आहे का, आणि सरकार व पोलीस त्यांच्याशी कसे वागतात, यांतून तो परिणाम गाळून येतो. हे मधलं गाळणं विसरलं, की परिसराचा सिद्धान्त वस्तीतल्या प्रत्येकाला संशयित ठरवणारं हत्यार होतो. आपल्याकडे तसं झालेलं आहे, आणि पुढे मी त्यावर सविस्तर लिहिणार आहे.

सुरुवात फ्रान्समध्ये झाली. १८३३ मध्ये आंद्रे-मिशेल गेरी यांनी सरकारी आकड्यांवरून देशाचे नकाशे रंगवले: कुठे चोऱ्या जास्त, कुठे मारामाऱ्या आणि खून जास्त, कुठे साक्षर जास्त. संपत्तीविरुद्धचे गुन्हे गरीब भागांत जास्त निघतील असा सगळ्यांचा अंदाज होता. निघाले ते उत्तरेच्या सधन, कारखानदारी भागात. शिक्षण जास्त तिथे गुन्हे कमी, हा समजही नकाशावर टिकला नाही. त्याच सुमारास बेल्जियमच्या अडॉल्फ केटले यांनी दाखवलं की वर्षामागून वर्ष गुन्ह्यांचे आकडे जवळपास ठरलेले असतात. व्यक्ती बदलतात, बेरीज फारशी बदलत नाही. म्हणजे कारण एकेका माणसाच्या पलीकडे कुठेतरी असलं पाहिजे.

मग मध्येच वारं उलटं फिरलं. १८७६ मध्ये इटलीच्या चेझारे लोम्ब्रोझो यांनी कवट्या आणि जबडे मोजून 'जन्मजात गुन्हेगार' अशी जात असते असं मांडलं. विज्ञानाने ते कधीच मोडीत काढलं आहे. पण भारतात त्याच्या पाच वर्षं आधी, १८७१ मध्ये, इंग्रज सरकारने त्याच विचाराचा कायदा केलेला होता.

परिसराकडे लक्ष परत वळवलं ते शिकागोने. क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांनी बालन्यायालयात आलेल्या हजारो मुलांचे पत्ते शहराच्या नकाशावर टाकले. त्यांचं पुस्तक १९४२ चं, आकडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनचे. शहराच्या मध्याला लागून असलेल्या, कारखान्यांच्या आणि पडक्या घरांच्या पट्ट्यात प्रमाण सतत जास्त. या पट्ट्यात आधी जर्मन आणि आयरिश होते, मग पोलिश आणि इटालियन आले, नंतर दक्षिणेतून कृष्णवर्णीय आले. लोक पूर्ण बदलले तरी वस्तीचा आकडा चढाच राहिला, आणि जे समाज तिथून बाहेर पडून चांगल्या भागात गेले त्यांच्या मुलांचं प्रमाण उतरलं. वंश किंवा रक्त यांवर खापर फोडणाऱ्यांना इतकं सडेतोड उत्तर त्याआधी कोणी दिलं नव्हतं. शॉ-मॅके यांचं स्पष्टीकरण असं की सतत भाडेकरू बदलणाऱ्या वस्तीत कोणी कोणाला ओळखत नाही, आणि पोरांना शिस्त लावणारं मोठं माणूस आपलं घर सोडून इतरांच्या पोरांकडे पाहतच नाही. एडविन सदरलँड यांनी त्याला जोड दिली: गुन्हा हाही शिकला जातो, जवळच्यांकडून, रीतसर, कौशल्य आणि समर्थन दोन्हींसकट.

बांधकामाच्या बाजूचा विचार १९६० नंतर जोरात आला. जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या आपल्या गल्लीकडे बोट दाखवून सांगितलं की रस्ता सुरक्षित ठेवतात ते दुकानदार, खिडकीत बसलेल्या बाया, येणारे-जाणारे. पोलीस दुय्यम. चाळीच्या गॅलरीत वाढलेल्या कोणालाही हे पटवून द्यावं लागणार नाही. जिन्यातून अनोळखी माणूस वर आला की पहिल्या तीन दारांतच त्याला 'कोण पाहिजे?' असं विचारलं जायचं. ऑस्कर न्यूमन यांनी १९७२ मध्ये ब्रुकलिनमधल्या शेजारी-शेजारी असलेल्या दोन सरकारी वसाहतींची तुलना केली. रहिवासी सारखे, दाटी सारखी. उंच मनोऱ्यांच्या व्हॅन डाइकमध्ये गुन्हे जास्त, बुटक्या इमारतींच्या ब्राउन्सव्हिलमध्ये कमी. जिथे पन्नास-शंभर घरांमध्ये एकच लॉबी, तिथे ती लॉबी कोणाचीच नसते, असा त्यांचा निष्कर्ष. सेंट लुईसमधली ११ मजली ३३ इमारतींची प्रुइट-आयगो वसाहत वीस वर्षांच्या आत पाडायला घ्यावी लागली, तीही त्याच वर्षी. ती या विचाराचं ठळक उदाहरण बनली.

पण प्रुइट-आयगोची गोष्ट पूर्ण सांगायची तर शहरातून नोकऱ्या आणि माणसं निघून जात होती, देखभालीचा खर्च भाड्यातून भागवायचा होता आणि भाडं भरणारेच उरले नव्हते, हेही सांगावं लागतं. इमारतीची उंची एवढी एकच गोष्ट तिथे चुकलेली नव्हती. मुंबईत हे विशेष लक्षात ठेवायला हवं. बीडीडी चाळींच्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांमधली कुटुंबं आता ५०० चौरस फुटांच्या घरांत, मनोऱ्यांमध्ये जात आहेत. स्वतःचा संडास, मुलीला कपडे बदलायला वेगळी खोली हे सुख चाळीच्या आठवणीने गळा काढणाऱ्यांनी कमी लेखू नये. सामायिक संडासाची रात्रीची वाट बाईसाठी काय असते ते तिलाच माहीत असतं. प्रश्न मनोऱ्यांचा नाही. मजल्यावरचा पॅसेज, लिफ्टची दुरुस्ती, खालची मोकळी जागा कोण सांभाळणार आणि त्याचा महिन्याचा खर्च झेपणार का, हा प्रश्न आहे. मानखुर्द-गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींत इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या केल्या की खालच्या मजल्यांवर दिवसा ऊन पोचत नाही. तिथे ओळखीपाळखीची माणसं फोडून वेगवेगळ्या इमारतींत टाकली गेली. शॉ-मॅके ज्याला वस्तीचं विस्कटणं म्हणत होते, ते आपण सरकारी योजनेतून घडवत आहोत.

ओसाड जागेचं काय होतं, याचं मुंबईतलं सर्वांत वेदनादायक उदाहरण महालक्ष्मीजवळच्या शक्ती मिलचं. बंद पडलेली, वर्षानुवर्षं कोर्टकज्ज्यात अडकलेली, गवत माजलेली जागा. रेल्वे स्टेशन हाकेच्या अंतरावर. ऑगस्ट २०१३ मध्ये तिथे कामासाठी गेलेल्या एका छायाचित्रकार पत्रकारावर सामूहिक बलात्कार झाला, आणि त्यानंतर उघड झालं की आधीच्या महिन्यात त्याच आवारात आणखी एका तरुणीवर तसाच अत्याचार झाला होता. आरोपींतले काही दोन्ही प्रकरणांत होते. लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन यांनी १९७९ मध्ये मांडलेलं सूत्र इथे अक्षरशः लागू पडतं: गुन्हा करायला तयार माणूस, सावज आणि राखणदाराचा अभाव, या तीन गोष्टी एका वेळी एका जागी आल्या की गुन्हा घडतो. पुढे कोर्टाने शिक्षा दिल्या. पण जागा इतकी वर्षं तशीच सोडून देणाऱ्या कोणालाही जाब विचारला गेल्याचं माझ्या वाचनात नाही, आणि मला ते अजून खुपतं.

गुन्हे पसरलेले नसतात, गोळा झालेले असतात, ही गुन्ह्यांच्या जागांचा अभ्यास करणाऱ्या शाखेची सर्वांत पक्की देणगी. १९८९ मध्ये शर्मन आणि सहकाऱ्यांनी मिनियापोलिस शहरात पोलिसांना आलेले फोन तपासले. निम्मे फोन शहरातल्या साधारण ३ टक्के पत्त्यांवरून येत होते. 'वाईट' म्हटल्या जाणाऱ्या वस्तीतही बहुतेक गल्ल्यांत काहीच होत नाही. त्रास असतो एखाद्या बारचा, एखाद्या बस थांब्याचा, एखाद्या पडक्या इमारतीचा. संपूर्ण वस्तीवर शिक्का मारणाऱ्यांनी हा आकडा समोर ठेवावा.

संधी काढून घेतली तर गुन्हेगार दुसरीकडे जातो, असं आपण सहज म्हणतो. पश्चिम जर्मनीत १९८० मध्ये मोटारसायकलवर हेल्मेट न घालणाऱ्याला जागेवर दंड सुरू झाला. हेतू अपघात कमी करण्याचा होता. झालं असं की चोरलेल्या गाडीवरून बिनहेल्मेट पळणारा लगेच नजरेत भरू लागला. १९८० मध्ये मोटारसायकल चोऱ्या दीड लाखाच्या घरात होत्या, १९८६ मध्ये ५४ हजारांवर आल्या. मोटारींच्या चोऱ्या त्या मानाने वाढल्या नाहीत. म्हणजे बऱ्याच चोऱ्या करणारी माणसं सराईत नव्हती, संधी दिसली म्हणून हात घालणारी होती. न्यूयॉर्कच्या सरकारी वसाहतींत २०१६ मध्ये चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडलेल्या ठिकाणी प्रखर दिवे लावून पाहिलं, तर रात्रीचे उघड्यावरचे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. फिलाडेल्फियात ५४१ पडीक प्लॉटांवर प्रयोग झाला. काही प्लॉट साफ करून हिरवळ लावली, बुटकं लाकडी कुंपण घातलं, बाकीचे तसेच ठेवले. गरीब वस्त्यांत गोळीबाराच्या घटना २९ टक्क्यांनी कमी झाल्या. सीसीटीव्हीचा अनुभव मात्र मिश्र आहे. गाड्यांच्या तळांवर त्याचा चांगला उपयोग दिसतो, मारामारीसारख्या हिंसेवर फारसा नाही. आपल्या महापालिकांचा आणि गृहखात्याचा सगळा भर कॅमेऱ्यांवर असताना हे कोणीतरी मोठ्याने सांगायला हवं.

१९८२ मध्ये विल्सन आणि केलिंग यांनी मांडलेला 'फुटक्या खिडक्यां'चा सिद्धान्त या सगळ्यांत जास्त गाजला. एक काच फुटून तशीच राहिली की बाकीच्याही फुटतात, कारण इथे कोणाला काही पडलेलं नाही असा निरोप जातो. नेदरलँड्समधल्या ख्रोनिंगन शहरात कीस कायझर यांनी त्याची नेमकी परीक्षा घेतली. टपालपेटीच्या फटीतून अर्धवट बाहेर आलेलं एक पाकीट, त्याच्या खिडकीतून पाच युरोची नोट दिसते. पेटी स्वच्छ असताना येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी १३ टक्क्यांनी ते पाकीट लांबवलं. पेटीवर रंगाने खरडलं होतं तेव्हा २७ टक्क्यांनी, आणि भोवती कचरा होता तेव्हा २५ टक्क्यांनी. त्याच गावातली, तशीच माणसं. छोट्या चोरीपुरतं हे स्पष्ट दिसतं.

अडचण झाली ती पोलिसांनी याचा जो अर्थ लावला त्याने. खिडक्या दुरुस्त करण्याऐवजी न्यूयॉर्कने माणसं अडवायला सुरुवात केली. एकट्या २०११ मध्ये पोलिसांनी ६ लाख ८५ हजारांवर वेळा लोकांना रस्त्यात थांबवून चौकशी केली. त्यांत बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुण, आणि दहांतले जवळपास नऊ निर्दोष. २०१३ मध्ये न्यायालयाने ही पद्धत ज्या रीतीने राबवली जात होती ती घटनाबाह्य ठरवली. अडवणूक झपाट्याने घटली, तरी शहरातले गुन्हे वाढले नाहीत. रॉबर्ट सॅम्पसन आणि स्टीफन रॉडेनबुश यांनी शिकागोच्या रस्त्यांवरून संथ गाडी फिरवून दोन्ही बाजूंचं चित्रीकरण केलं आणि कचरा, खरडलेल्या भिंती, टवाळ घोळके प्रत्यक्ष मोजले. मोजलेली अव्यवस्था आणि हिंसा यांचा सरळ संबंध क्षीण निघाला. त्याहून झोंबणारं हे, की तेवढाच कचरा असलेल्या दोन गल्ल्यांपैकी जिथे कृष्णवर्णीय जास्त, ती गल्ली लोकांना जास्त घाण आणि बेशिस्त वाटत होती. झोपडपट्टीतून जाताना आपल्या मनात जे येतं, त्यातलं किती डोळ्यांनी पाहिलेलं असतं आणि किती आधीच ठरलेलं, हे प्रत्येकाने स्वतःशी तपासावं.

मग हिंसा कमी कशाने होते? १९९७ मध्ये सॅम्पसन, रॉडेनबुश आणि फेल्टन अर्ल्स यांनी शिकागोच्या ३४३ वस्त्यांतल्या आठ हजारांवर लोकांना साधे प्रश्न विचारले. तुमच्या गल्लीत शाळेची पोरं शाळा बुडवून कोपऱ्यावर बसली असतील, तर शेजारी काही बोलतील का? घरासमोर भांडण जुंपलं तर कोणी मध्ये पडेल का? शेजाऱ्यांवर भरवसा टाकता येतो का? या उत्तरांवरून वस्तीतल्या हिंसेचा अंदाज जितका नीट लागला, तितका नुसत्या गरिबीवरून लागला नाही. गरिबी आणि सततची घरबदल यांचा बराच परिणाम या भरवशातूनच वाट काढत होता.

याचं जिवंत उदाहरण आपल्याकडे आहे, भिवंडीत. १९७० आणि १९८४ मध्ये तिथे भीषण दंगली झाल्या. यंत्रमागांची खडखड, देशभरातून आलेले कामगार, दाट वस्त्या, जुन्या जखमा. कागदावर पाहिलं तर तिसऱ्या दंगलीसाठी सगळं तयार होतं. १९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, सत्तरच्या आसपास. हिंदू-मुसलमान दोन्ही, आणि पुढाऱ्यांऐवजी किराणावाले, रिक्षावाले, मागवाले, शिक्षक असे रोजचे लोक. बैठका दंगलीच्या भीतीपुरत्या नव्हत्या. नळाची भांडणं, गटार, वीज, नवरा-बायकोची तक्रार, सगळं तिथे यायचं. हवालदार त्या भागातल्या माणसांना नावाने ओळखायला लागला आणि माणसं हवालदाराला. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये जवळच्या मुंबईत सुमारे ९०० माणसं मारली गेली. भिवंडी शांत राहिली. अफवा तिथेही आल्या होत्या. पण त्या खऱ्या की खोट्या हे विचारायला पलीकडच्या गल्लीत ओळखीचं माणूस होतं. आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतीय शहरांतल्या दंगलींचा अभ्यास करताना हेच निरीक्षण नोंदवलं: दोन समाजांना जोडणाऱ्या नेहमीच्या संघटना जिथे आहेत तिथे ठिणगी विझते. पुढे मुंबईतही मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली, त्यात ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी हे पोलीस अधिकारी आणि कार्यकर्त्या सुशोभा बर्वे होत्या. एवढं मोठं यश हाताशी असताना राज्याच्या पोलीस प्रशिक्षणाचा तो कणा झाला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

या एकोप्याला एक काळी बाजूही आहे. घट्ट वस्ती आपल्यांना सांभाळते आणि परक्याला हाकलते. १९७४ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींत दलित आणि सवर्ण रहिवाशांमध्ये पेटलेली दंगल त्याच गॅलऱ्यांमध्ये झाली, जिथे सगळे एकमेकांना ओळखत होते. २००७ पासून राबवलेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेत हजारो वाद गावातच मिटले. पण जिथे गावाचा शब्द म्हणजे वरच्या जातीचा आणि पुरुषांचा शब्द, तिथे तंटा मिटवणं म्हणजे दुबळ्याला गप्प बसवणंही असू शकतं. म्हणून जोडणारं नातं कोणाकोणाला आत घेतं, हे पाहावंच लागतं.

आता त्या कायद्याकडे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमाती संपूर्णच्या संपूर्ण जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. १९११ मध्ये तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. पारधी, कैकाडी, टकारी, भामटा, कंजारभाट, बेरड, मांग गारुडी अशा जमातींची नावं वहीत चढली, बोटांचे ठसे घेतले गेले. सोलापूरची सेटलमेंट त्यांतली मोठी. तारेचं कुंपण, आत वस्ती, ठरलेल्या वेळी हजेरी, बाहेर जायला पास, परत यायला वेळ. आतली माणसं गिरण्यांत राबायला जायची आणि संध्याकाळी पुन्हा कुंपणाआड. ज्यांचे परंपरागत धंदे, मीठ-धान्याची वाहतूक, शिकार, चटया-टोपल्या, खेळ, हे रेल्वेने आणि जंगल कायद्यांनी आधीच मोडले होते, त्यांच्याभोवती राज्यानेच गुन्हेगारीचा परिसर उभा केला. बाहेर काम नाही कारण नाव वहीत, आणि नाव वहीत कारण जात ती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला, लोक 'विमुक्त' झाले. लगोलग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि वहीचं फक्त नाव बदललं.

लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'त (१९८७) चोरीचं शिक्षण लहान मुलांना कसं दिलं जातं आणि पोलीस त्या घरांना कसे छळतात, दोन्ही शेजारी-शेजारी दिसतं. सदरलँड यांचा सिद्धान्त आणि हॉवर्ड बेकर यांचा शिक्क्याचा सिद्धान्त एकाच घरात. बेकर म्हणतात की ज्याला समाज गुन्हेगार म्हणून वागवतो, त्याच्यापुढे दुसऱ्या वाटा बंद होत जातात आणि तो शिक्का खरा होऊ लागतो. आजही गावात घरफोडी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालांकडे वळते, हे मराठवाड्यात आणि नगर-सोलापूरकडे कोणालाही विचारा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता खटल्यात तुरुंग नियमावल्यांतला जातीभेद घटनाबाह्य ठरवला. विमुक्तांना जन्मजात गुन्हेगार समजणारी भाषा त्या नियमावल्यांत तोवर होती, म्हणजे कायदा रद्द झाल्यानंतर ७२ वर्षं. तुळजापूर तालुक्यातल्या यमगरवाडीत १९९३ पासून गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पालांवरच्या मुलांसाठी वसतिगृह आणि शाळा चालवली. तिथून शिकून बाहेर पडलेली मुलं 'रक्तातच आहे' म्हणणाऱ्यांना पुरेसं उत्तर आहेत.

रस्ता, वस्ती, कुंपण यांबद्दल एवढं लिहिताना घराचा उंबरठा ओलांडायला हवा. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांत बलात्काराच्या दहांतल्या नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १८ ते ४९ वयाच्या, कधी ना कधी विवाह झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्क्यांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. इथे खांबावरचा दिवा काय करणार? उघड्यावर शौचाला जावं लागणाऱ्या बाईला परक्याकडून लैंगिक हिंसेचा धोका जवळपास दुप्पट असतो असं एका अभ्यासात दिसलं, त्यामुळे संडासही महत्त्वाचाच. पण घरातल्या हिंसेचा परिसर म्हणजे पुरुषाला काय चालतं याबद्दलची गावाची समजूत. ज्याँ द्रेझ आणि रितिका खेरा यांनी १९८१ च्या जिल्हावार आकड्यांवरून खुनांचा अभ्यास केला. गरिबी आणि शहरीकरण यांचा खुनाच्या प्रमाणाशी ठोस संबंध लागला नाही. साक्षरता वाढते तसं प्रमाण उतरतं, आणि जिथे पुरुषांच्या तुलनेत स्त्रिया कमी तिथे खून ठळकपणे जास्त. मुलगी नको म्हणणारा समाज आणि हिंसा यांची मुळं कुठेतरी एकत्र आहेत, याकडे हा निष्कर्ष बोट दाखवतो.

निसर्गाचा हात इथेही पोचतो. पाऊस सरासरीहून बराच कमी पडतो त्या वर्षी भारतात नोंदलेले हुंडाबळी साधारण ८ टक्क्यांनी वाढतात, असं सेख्री आणि स्टोरीगार्ड यांनी दाखवलं. पीक गेलं, आणि घरात पैसा आणण्याचा दबाव सुनेच्या माहेरावर आला. उष्णतेच्या दिवसांत मारामाऱ्या वाढतात, हेही अनेक देशांत दिसलं आहे. शिसेयुक्त पेट्रोलमुळे लहान मुलांच्या मेंदूवर झालेला परिणाम पुढे हिंसेत उतरला, हा अमेरिकेतला दावा विचारात घेण्याजोगा आहे, पण त्याचा नेमका वाटा किती यावर वाद आहेत. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० पर्यंत विकलं जात होतं.

स्वतःचा परिसर बदलून घेण्याचं धैर्य महाराष्ट्रातल्या बायांनी दाखवलं आहे. २५ टक्के स्त्रियांच्या सह्या जमवायच्या, मतदान मागायचं, आणि आडव्या बाटलीवर शिक्का मारून गावातलं दारूचं दुकान बंद पाडायचं. दारूबंदीचे जिल्हावार अनुभव सारखे नाहीत. चंद्रपुरात २०१५ ची बंदी २०२१ मध्ये उठवली गेली, चोरटी दारू हे त्याचं एक कारण. पण गावातल्या बायांनी मागितलेली बंदी आणि वरून लादलेली बंदी यांत फरक आहे. पहिलीत राखण करणारी माणसं गावातच असतात.

माणूसच उचलून दुसरीकडे ठेवला तर? अमेरिकेत १९९४ ते १९९८ दरम्यान पाच शहरांतल्या सुमारे ४,६०० गरीब कुटुंबांपैकी काहींना सोडत काढून चांगल्या वस्तीत घर घ्यायला मदत मिळाली. मुलींच्या अटका घटल्या. मुलग्यांच्या बाबतीत सुरुवातीला हिंसेच्या अटका कमी झाल्या, पण पुढे चोरीच्या वाढल्या. सगळ्यांवर सारखा परिणाम झाला नाही. २००५ च्या कतरिना वादळात घरं गेली म्हणून सुटकेनंतर जुन्या वस्तीत परतू न शकलेल्या कैद्यांचं पुन्हा तुरुंगात जाण्याचं प्रमाण परतलेल्यांपेक्षा कमी होतं, असं डेव्हिड कर्क यांना आढळलं. जुने साथीदार, जुना नाका सुटला. आपल्याकडची तडीपारी याच कल्पनेवर उभी आहे: महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली दोन वर्षांपर्यंत माणसाला जिल्ह्याबाहेर काढता येतं. पण नव्या जागी त्याला काम कोण देणार, राहणार कुठे, हे कोणी पाहत नाही. जुना परिसर काढून घेतला, नवा दिलाच नाही. याच्या नेमकं उलट औंध संस्थानाने १९३० च्या दशकाअखेरीस आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला करून पाहिलं होतं. गंभीर गुन्ह्यांतल्या कैद्यांना भिंतीविना शेतीवर ठेवलं, कुटुंब जवळ, जमीन कसायला. शांतारामबापूंच्या 'दो आँखें बारह हाथ'ची (१९५७) प्रेरणा तीच. ती वसाहत अजून आहे, पण तिच्यासारख्या जागा फार थोड्या.

हे सगळं आपल्या शहरांना लावून पाहायचं तर आकडे लागतात, आणि तिथे गाडी अडते. केरळचा गुन्ह्यांचा दर देशात वरच्या क्रमांकांवर दिसतो, कारण तिथे तक्रार नोंदवली जाते. पंचायतींत स्त्रियांना आरक्षण मिळाल्यावर स्त्रियांविरुद्धच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत ४४ टक्के वाढ झाली. संशोधकांनी तपासलं तर ती मुख्यतः बाया पुढे येऊन बोलू लागल्याची वाढ होती. म्हणजे कमी आकडा हे शांततेचं लक्षण असेलच असं नाही. शिवाय प्रकाशित होतात ते जिल्ह्याचे आणि मोठ्या शहरांचे आकडे. कोणत्या गल्लीत, कोणत्या वेळी, बंद दिव्याखाली की चालू दिव्याखाली, हे पोलीस ठाण्यांच्या संगणकांत आहे. गुन्हे नोंदीचं देशव्यापी संगणकीकरण २००९ मध्ये मंजूर झालं. व्यक्तींची नावं आणि घरांचे पत्ते काढून टाकून ठाणेवार, चौकवार आकडे मुंबई, पुणे, नागपूर, सोलापूरच्या विद्यापीठांना आणि वॉर्डातल्या नागरिकांना खुले करणं आज शक्य आहे. त्यात जमातीचा रकाना नसावा, दिव्याचा, पडीक जागेचा आणि बंद शाळेचा असावा. महापालिका पुढचे हजार दिवे, पुढचे कॅमेरे, पुढचं मैदान कुठे करायचं हे ठरवताना आधी ती यादी समोर ठेवील, इतकी साधी मागणी आहे.